गप्प बसायची तालीम

हेब्रॉन चर्चच्या माणसांना गप्प बसायला शिकवायचं काम आजवर कुणी अंगावर घेतलं नव्हतं. रेव्हरंड क्रचर यांनी नाही, आणि त्यांच्या आधीच्यांनीही नाही. ह्या चर्चमध्ये उपदेश करणाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच बाकांवरून त्याला साथ यायची. कुणी ‘सांगा’ म्हणायचं, कुणी ‘खरंय’ म्हणायचं, कुणी नुसतंच घशातून हुंकारायचं. ज्या पाद्र्याला अशी साथ मिळत नाही त्याने दुसरं गाव बघावं, असा इथला रिवाज. कॅन्सस सिटीच्या व्हाइन स्ट्रीटवर रविवारी सकाळी जे घरी राहायचे, त्यांना खिडकीतून नुसता आवाज ऐकून कळायचं की प्रवचन कुठवर आलंय आणि कोंबडी कधी तळायला टाकायची.

अशा माणसांना तोंड मिटायला शिकवायचं व्हर्डेल गेदर्सने मनावर घेतलं, तेही सख्ख्या भावासाठी.

व्हर्डेल चर्चच्या गायकवृंदाची प्रमुख. पन्नाशी ओलांडलेली, उंच, आवाजाने दणदणीत. लग्न केलं नव्हतं, कारण गायकवृंद सांभाळून वर आणखी एक नवरा सांभाळणं तिला जमण्यासारखं वाटलं नाही. तिचा भाऊ अलोंझो, घरचा लोनी, तिच्याहून चार वर्षांनी लहान. चर्चच्या पियानोवर तिच्या शेजारी बसून शिकला. मिसरूड फुटायच्या आत बाराव्या रस्त्यावरच्या दारूच्या अड्ड्यांत रात्र रात्र वाजवायला लागला, आणि रविवारी सकाळी लाल डोळे घेऊन पुन्हा चर्चच्या पियानोवर हजर. मग एका फिरत्या बँडच्या बसमध्ये चढला आणि गेला तो गेलाच. आधी दुसऱ्यांच्या बँडसाठी गाणी बांधून दिली, मग शिकागोत जाऊन रीतसर शिकला, आणि न्यूयॉर्कला पोचल्यावर स्वतःच्या मोठ्या रचना लिहायला लागला. त्यांत व्हायोलिनवाले आणि सॅक्सोफोनवाले एकाच रांगेत बसायचे आणि सुरुवातीला एकमेकांकडे संशयाने बघायचे. लोनीला कधी डोळ्यांनी न पाहिलेली इथली पोरंही गाणं संपवताना शेवटचा सूर मिटवत नसत, हवेत तसाच सोडून देत. त्याला व्हाइन स्ट्रीटवर ‘लोनीसारखं दार उघडं टाकणं’ म्हणत. गावात त्याचं एवढं नाव होतं, आणि व्हर्डेलला त्याचा भारी अभिमान होता.

अभिमान होता म्हणूनच ती जुनी गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती.

नऊ वर्षांपूर्वी शहराच्या मोठ्या सभागृहात लोनीची पहिली मोठी रचना वाजली. हेब्रॉनची सगळी मंडळी ठेवणीतल्या टोप्या घालून वरच्या बाल्कनीत बसली होती, कारण काळ्या माणसांना बसायला तेवढीच जागा होती. मध्येच एका संथ ठिकाणी ट्रम्पेटचा एकच सूर एकटा वर चढत गेला. तो इतका वर गेला की व्हर्डेलला आपण कुठे बसलोय याचं भान उरलं नाही. ती उभी राहिली आणि गायकवृंदात लावते त्या आवाजात म्हणाली, “सांग, लोनी, सांग.”

खालच्या सगळ्या रांगांनी माना वळवून वर पाहिलं. कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की संगीत चांगलं होतं, पण संगीतकाराच्या नातलगांना ती प्रार्थनासभा वाटली असावी. लोनी त्याच संध्याकाळच्या गाडीने न्यूयॉर्कला गेला आणि त्या प्रकाराबद्दल चकार शब्द बोलला नाही. पुढेही कधी बोलला नाही. तो बोलला असता, रागावला असता, तर व्हर्डेलला बरं वाटलं असतं. पण तो गप्प राहिला आणि ती लाज तिच्या छातीत नऊ वर्षं तशीच बसून राहिली.

आता लोनी आपली नवी रचना घेऊन घरी येत होता. मोठ्या सभागृहात नाही, खास हेब्रॉनमध्ये वाजवायची म्हणत होता. वादकही इथलेच, त्याचे जुने सोबती. रेव्हरंडनी चर्चमध्ये ड्रम येऊ द्यायला आधी साफ नकार दिला, मग ड्रम बाजूच्या दाराने आला तर चालेल इथवर ते उतरले. बाजूच्या दाराने आलेला ड्रम देवाला कसा दिसत नाही हे त्यांना कुणी विचारलं नाही. राहिला प्रश्न माणसांचा, आणि तो व्हर्डेलने हातात घेतला.

तीन रविवार, प्रार्थना संपली की ती सगळ्यांना बसवून ठेवी आणि पियानो वाजवी. हूं नाही, चूं नाही. जो आवाज करेल त्याला त्या दिवशी चर्चच्या तळघरातल्या जेवणात पहिल्या पंगतीला जागा नाही, असा तिने दम भरला. फ्यूनरल होमवाल्यांनी, म्हणजे अंत्यविधीच्या दुकानदारांनी, जाहिरातीसाठी वाटलेले पुठ्ठ्याचे पंखे फडफडतात म्हणून गोळा केले. पेपरमिंटचे कागद आधीच सोडून ठेवायचे. पांढरे हातमोजे घालून दाराशी उभ्या राहणाऱ्या बायकांना तिने काम दिलं, की कुणी हुंकारलं की खांद्यावर टिचकी मारायची. एरवी ह्याच बायका अंगात आलेल्यांना सावरायच्या. आता अंगात काही येऊच नये म्हणून पहारा द्यायला लागल्या.

मदर फिलपॉट ही चर्चमधली सर्वांत वडीलधारी बाई. पहिल्या बाकावर तिची जागा ठरलेली आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, “त्या दिवशी बाल्कनीतून कोण बोंबललं होतं गं? मी तर नव्हते.”

“म्हणूनच सांगतेय, मदर. एकदा झालं ते पुरे झालं.”

“चोरी तू केलीस आणि बेड्या आम्हाला.” असं म्हणून मदर फिलपॉटने हातरुमाल काढून गुडघ्यावर ठेवला. वेळ आलीच तर तो तोंडात कोंबीन म्हणाली.

चर्चचे जुने कारभारी डीकन टिब्स यांची पंचाईत सगळ्यांत मोठी. हेब्रॉनमध्ये जुनी स्तोत्रं पुस्तक उघडून गात नसत. डीकन एक ओळ झरझर म्हणून टाकायचे आणि थांबायचे. मग सगळं चर्च ती ओळ उचलायचं आणि इतकी लांबवायचं की एकेका शब्दात माणूस आपला अख्खा आठवडा सांगून घ्यायचा. मग डीकन पुढची ओळ टाकायचे. त्यांच्या बापाने हेच केलं होतं आणि बापाच्या बापानेही, गुलामीच्या काळात, जेव्हा पुस्तकं नव्हती आणि वाचता येणं हा गुन्हा होता. असा माणूस आता पायाखाली घडी घातलेली गोधडी घेऊन बसला होता, पायाचा ठेका ऐकू जाऊ नये म्हणून.

“पोरी,” ते तिला म्हणाले, “आम्ही ऐकतो ते तोंडानंच. तोंड बंद केलंस तर आम्हाला ऐकू कसं यायचं?”

व्हर्डेलने ते हसण्यावारी नेलं.

लोनी शनिवारी दुपारी आला. केस पांढरे झालेले, कोट झकास, आणि चेहरा मात्र पार उतरलेला. सोबत न्यूयॉर्कचा, संगीत छापणारा प्रकाशक होता, मिस्टर लिंडक्विस्ट. हा स्वभावाने सभ्य, पण इतका लांबलचक माणूस, की व्हर्डेलच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत त्याचे गुडघे टेबलाच्या वर आले. तो हात धुवायला गेला तेव्हा लोनी हलक्या आवाजात बोलला. रचना पहिल्यांदा हिवाळ्यात न्यूयॉर्कला वाजली होती आणि चांगलीच आपटली होती.

“मध्ये मध्ये काही जागा आहेत, व्हर्डी,” तो म्हणाला. “माझा सगळा जीव त्या जागांत आहे. तिथं त्या मेल्या. हा म्हणतो, त्या काढा, तरच छापतो. मी म्हटलं, एकदा घरी वाजवून बघू दे. इथंही मेल्या तर माझ्या हातानं काढून टाकतो. शब्द दिलाय मी.”

“मेल्या म्हणजे? लोकांनी काय केलं?”

“खोकले. दुसरं काय करणार.”

एवढं ऐकून व्हर्डेलला आपली मंडळी आठवली. न्यूयॉर्कची ती सुटाबुटातली माणसं नुसती खोकली तर ह्याच्या जागा मेल्या, मग आपल्या मंडळींनी एक हुंकार दिला तर काय होईल? तिने भावाच्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं की काही काळजी करू नकोस, मी सगळ्यांना तयार केलंय.

लोनीने मान वर केली. “तयार? त्यांना काही सांगू नकोस हं. सांगून काही उपयोग नसतो.”

“तू जेव,” ती म्हणाली, आणि तो जेवताना खोकल्याच्या गोळ्या आणायला दुकानात गेली.

रविवारी जेवणाआधी, प्रार्थना आटोपल्यावर, चर्च पुन्हा भरलं. गॅलरीसुद्धा भरली. ड्रम बाजूच्या दाराने आला. मिस्टर लिंडक्विस्टला पहिल्या बाकावर मदर फिलपॉट आणि व्हर्डेल यांच्या मध्ये बसवलं होतं आणि त्याला गुडघे कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं. व्हर्डेलने जांभळी टोपी सारखी केली, मागे वळून एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ओठांवर बोट ठेवलं. अख्खं हेब्रॉन मूग गिळून बसलं.

लोनीने हात उचलला. सुरुवात पियानोने झाली, खालच्या पट्टीत, जणू कुणी दमून घरी येतंय. मग सॅक्सोफोन आले, मग तो बाजूच्या दाराने आलेला ड्रम, अगदी अदबीने. व्हर्डेलला बरं वाटलं. मग ट्रम्पेट उठला, त्याने एक छोटीशी ओळ झरझर म्हणून टाकली आणि सगळे वादक एकदम थांबले.

काहीच वाजेना. ट्रम्पेटवाला विसरला, असं व्हर्डेलला वाटलं. चर्चमध्ये इतकी शांतता होती की खोली तापवणाऱ्या रेडिएटरचा टकटक आवाज येत होता. लोनी हात खाली सोडून उभा होता. मग त्याने हात उचलला आणि संगीत पुढे गेलं, पण थोडं बिचकत गेलं.

दुसऱ्यांदा तेच. ट्रम्पेटने ओळ टाकली, सगळे थांबले. ही ‘जागा’, व्हर्डेलच्या ध्यानात आलं. ह्याच त्या जागा. आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. तिला खरं तर समाधान वाटायला हवं होतं. पण तिने लोनीकडे पाहिलं आणि तिचं समाधान जागच्या जागी विरलं. तो वादकांकडे बघत नव्हता. त्याने डोकं किंचित वाकडं केलं होतं आणि कान बाकांकडे दिला होता. लहानपणी पियानोच्या बाकड्यावर तिच्या शेजारी तो असाच बसायचा. डीकन ओळ टाकायचे आणि लोनी बोटं उचलून, डोकं वाकडं करून, चर्च कधी घेतं याची वाट बघायचा. बाजूने दिसणाऱ्या त्याच्या चेहऱ्यावर आज तीच वाट बघणं होतं. फरक एवढाच, की लहानपणी त्याला कधी वाट बघावी लागली नव्हती.

व्हर्डेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती स्वतःवरच. अगं बाई, तिला वाटलं, हा डीकन टिब्ससारखी ओळ टाकतोय. हा आम्हाला विचारतोय, आणि मी सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावून किल्ली खिशात घालून बसलेय.

तिने शेजारी पाहिलं, मागे पाहिलं. तीन रविवार तिने घडवलेलं काम आता तिच्यासमोर मांडलं होतं. मदर फिलपॉटने खरोखरच हातरुमाल तोंडात धरला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डीकनचे पाय गोधडीवर मुकाट्याने चालले होते. गॅलरीतल्या टोप्या थरथरत होत्या. हातमोजेवाल्या बायका स्वतःच ओठ चावून उभ्या होत्या. आणि ह्या सगळ्यांचे डोळे लोनीकडे नव्हते. ते व्हर्डेलकडे लागले होते. सगळ्यांना कळलं होतं, बहुधा पहिल्याच ओळीला. परवानगी तेवढी मिळायची राहिली होती.

तिसरी ओळ आली. सगळे थांबले. लोनीचे खांदे आता खाली आले होते. शेजारी मिस्टर लिंडक्विस्टने हळूच घड्याळाकडे पाहिलं.

नऊ वर्षांपूर्वीची ती वळलेली सगळी डोकी व्हर्डेलला दिसली. ते हसणं ऐकू आलं. आपला अंदाज चुकला असेल तर? पुन्हा एकदा त्याच्या कामात तोंड घालून त्याचं वाटोळं केलं तर? पण ओळ समोर पडून होती आणि कुणीही उचलत नव्हतं. अशी पडलेली ओळ हेब्रॉनमध्ये जन्मलेल्या माणसाला बघवत नाही.

ती उभी राहिली. आणि तिने ती ओळ घेतली.

शब्द नव्हतेच. ट्रम्पेटने टाकलेले सूर तेवढे तिने उचलले आणि हेब्रॉनच्या पद्धतीने लांबवले, वाटेत आडवळणं घेत, कुठे थांबत, कुठे वर चढत. पहिला सूर थोडा चिरकला. दुसऱ्या सुराला डीकन टिब्स आले. तिसऱ्याला गॅलरी आली. मदर फिलपॉटने हातरुमाल काढून सरळ मिस्टर लिंडक्विस्टच्या मांडीवर टाकला आणि तोंड उघडलं, आणि मग तळमजला, गॅलरी, दाराशी उभ्या हातमोजेवाल्या, सगळं चर्च एका आवाजात त्या ओळीवर तुटून पडलं. तीन रविवारांचं साठलेलं होतं ते. पायांखालची फळी हलत होती.

लोनीची पाठ तिच्याकडे होती. तिने बघितलं की ती पाठ आधी ताठ झाली, आणि मग सबंध सैल पडली, ओझं उतरवून ठेवल्यावर हमालाची पडते तशी. त्याने ट्रम्पेटला पुढची ओळ टाकायची खूण केली. ती जेमतेम संपतेय तोच चर्चने उचलली. पुढची उचलली. त्या रचनेत जेवढ्या जागा होत्या तेवढ्या सगळ्या भरल्या, आणि दोन-तीन जागा लोनीने ठेवल्या नव्हत्या त्याही भरल्या. ‘सांग, लोनी’ असं कुणीतरी म्हटलं, मग दहाजणांनी म्हटलं. ड्रमवाल्याला आपण बाजूच्या दाराने आलोय याचा विसर पडला आणि रेव्हरंडलाही. शेवटच्या जागेला तर चर्चने ओळ सोडलीच नाही. वादक वाद्यं मांडीवर ठेवून बसून राहिले. लोनी पियानोच्या बाकड्यावर टेकला, हाताची घडी घातली, आणि लहान मुलासारखा रडत-हसत ऐकत राहिला. व्हर्डेलचा जीव भांड्यात पडला. तेव्हा कुठे तिला कळलं की टोपी केव्हाच मागे घसरलीय.

तळघरात जेवायला बसल्यावर पंगतींचा गोंधळ झाला. आवाज केलेल्याला पहिल्या पंगतीत जागा नाही, ह्या नियमाने पहिल्या पंगतीला फक्त मिस्टर लिंडक्विस्ट बसू शकत होता. मदर फिलपॉटने हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. शेवटी नियम पाळण्याइतका धीर कुणाला नव्हता आणि तळलेली कोंबडी गार होत होती.

व्हर्डेल जेवणानंतरचं गोड, पीच कॉबलर, वाढत वाढत लोनीपाशी आली आणि हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. “मीच गप्प केलं होतं त्यांना,” ती म्हणाली. “मला वाटलं, त्या बाल्कनीतल्यासारखं पुन्हा नको. तू तेव्हा एक शब्द बोलला नाहीस, लोनी. मला वाटलं मी तुझं वाटोळं केलं.”

लोनीने ताटली बाजूला केली. मग तो म्हणाला, “व्हर्डी, त्या दिवशी मी गाडीत बसलो आणि सगळी रात्र जागा राहिलो. माझ्या त्या सगळ्या संगीतात खरी गोष्ट एकच झाली होती, आणि ती मी लिहिलीच नव्हती. तू उठून ‘सांग’ म्हणालीस तीच. लिहून ती यायची नाही, तिच्यासाठी नुसती जागा ठेवता येते. तेव्हापासून तीच ठेवत बसलोय.”

“मग तसं सांगायचंस की रे. नऊ वर्षं मी जळतेय.”

“तुला राग आला असेल असं वाटलं. पेपरात तसं आलं म्हणून.”

ह्यावर व्हर्डेलने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि त्या दोघांचा तेवढ्यावर समेट झाला. ती शेजारच्या खुर्चीवर बसली. छाती इतकी हलकी झाली होती की तिला जरा गरगरल्यासारखं वाटत होतं.

मिस्टर लिंडक्विस्ट समोरून बघत होता. मदर फिलपॉटचा हातरुमाल अजून त्याच्या हातात होता आणि तो ओला होता, कुणाच्या डोळ्यांनी ते कळायला मार्ग नव्हता. तो म्हणाला की आता एकही जागा काढायची नाही, आहे तसंच छापायचं, फक्त एक अडचण आहे. ती जागा किती वेळ रिकामी ठेवायची हे कागदावर लिहावं लागेल.

“लिहा ना,” लोनी म्हणाला. “माझ्या बहिणीचा श्वास संपेपर्यंत.”

“मग कागद पुरायचा नाही तुम्हाला,” मदर फिलपॉट म्हणाली, आणि तिने कॉबलरची ताटली पुन्हा पुढे केली.